हौदाला खिडकी

हौशी : काका, टाकी ८ फूट लांब, ३ फूट रुंद आणि अडीच फूट उंच. प्लायवूडची. काच फक्त समोर, खिडकीपुरती. तळ, पाठ, दर्शनी बाजू आणि दोन्ही टोकं १९ मिलिमीटरच्या मरीन प्लायची, आतून फायबर आणि इपॉक्सी. हसू नका, आधी कारण ऐका. दुकानात तयार मिळणारी टाकी बघा. ४ फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड-दोन फूट उंच. हे माप भिंतीला शोभावं म्हणून ठरलंय, माशाला कुणी विचारलेलं नाही. ओढ्यातला मासा आडवा पळतो, टोकाला पोचला की झुंडीने वळतो, आणि सव्वा फुटात वळताना बोटाएवढ्या माशाचीही गर्दी होते. मला लांबी-रुंदी हवी आहे. ती पूर्ण काचेत घ्यायची तर पाचही बाजूंना १५ मिलिमीटरची काच धरावी लागेल; नुसत्या काचेचं वजन पावणेतीनशे किलो. टाकी जोडूनच येणार आणि आमच्या जिन्याच्या पहिल्या वळणावर अडकणार. प्लायच्या शीट दोन माणसं खांद्यावरून वर आणतात, सुतार हॉलमध्येच जुळणी करतो.

शंकेखोर : आणि काढायची वेळ आली की हॉलमध्येच करवतीने कापतो. असो. लांबी, रुंदी, काच, प्लाय, सगळ्याचा हिशेब दिलास, पाण्याचा नाही दिलास. ६० घनफूट झालं ते. घनफुटाला २८.३ लिटर, म्हणजे १,७०० लिटर, म्हणजेच १,७०० किलो. वाळू, दगड, स्टँड आणि टाकीचं स्वतःचं वजन धरलं की दोन टनांच्या पुढे. तू राहतोस तिसऱ्या मजल्यावर. राहत्या खोलीवर माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो भार येईल, असं आयएस ८७५ हे भारतीय मानक धरतं. तुझी टाकी सव्वादोन चौरस मीटर जागेत उभी राहणार, आणि तिथे एकट्या पाण्याचाच भार चौरस मीटरला ७६० किलो. पावणेचार पट. मी आयुष्यभर गळक्या गच्च्या दुरुस्त केल्या आहेत. पाणी किती जड असतं हे लोकांना ते साचल्यावर कळतं.

हौशी : आमच्या वास्तुशांतीला त्याच हॉलमध्ये साठ माणसं होती. माणशी साठ किलो धरा, छत्तीसशे किलो झाले. टाकीतल्या पाण्याच्या दुपटीपेक्षा जास्त. स्लॅबला काही झालं नाही. शिवाय मी टाकी भिंतीलगत, बीमच्या वर ठेवणार. खोलीच्या मध्यावर नाही. आणि डिझाइन करणारे दीडपट तरी सुरक्षितता धरतातच की.

शंकेखोर : ती साठ माणसं दोनशे चौरस फुटांत पसरली होती. भागून बघ, चौरस मीटरला १९०-१९५ किलो येतात. म्हणजे तुझी वास्तुशांत बरोब्बर मानकात बसली. आणि ती माणसं विडा खाऊन आपापल्या घरी गेली. पाणी जात नाही. कायमच्या ओझ्याखाली काँक्रीट वर्षानुवर्षं हळूहळू वाकत राहतं, हा त्याचा स्वभावच आहे. उद्या स्लॅब कोसळेल असं मी म्हणत नाही. बहुधा कधीच कोसळणार नाही. खालच्यांच्या छताला केसाएवढी भेग पडेल, आणि ती तुला दिसणार नाही, त्यांना दिसेल. बीमचं म्हणशील तर तो कुठून कुठे गेलाय आणि त्यात सळई किती, हे तुला माहीत आहे? मला नाही. नकाशे घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जा आणि तो लेखी देतो का बघ. ती दीडपट सुरक्षितता त्याने मालातल्या आणि कामातल्या उणिवांसाठी ठेवलेली असते, तुझ्या हौसेसाठी नाही.

हौशी : बरं, तिसरा मजला सोडला. तळेगावचं घर आहे, आई राहते ते. तळमजला, खाली मुरूम, वर कोबा. स्लॅबचा प्रश्नच मिटला. आणि उंचीतलाही अर्धा फूट सोडतो. गणित मीही केलंय काका. पाण्याचा दाब खोलीवर ठरतो. टाकी ८ फुटी असो की २ फुटी, तितक्याच खोलीवर दाब तेवढाच. पण समोरच्या भिंतीवरचा एकूण रेटा खोलीच्या वर्गाने वाढतो. अडीच फूट पाण्याला त्या ८ फुटी भिंतीवर सुमारे ७०० किलोचा रेटा येतो, दोन फुटांना साडेचारशेचा. अर्धा फूट पाणी कमी केलं आणि अडीचशे किलो उतरले. माशांचं यात काहीच गेलं नाही, त्यांना उंची नकोच होती. वर प्लायची बचत. एका शीटमधून ८ बाय ३ चा तळ आणि उरलेल्या फूटभर पट्टीतून वरची कड. दुसरीतून पाठ आणि दर्शनी बाजू. तिसरीतून दोन्ही टोकं. तीन शीटमध्ये टाकी.

शंकेखोर : हे बरं केलंस, आणि मी सांगायच्या आधी केलंस. आता दोन गोष्टी. लांबीने दाब वाढत नाही हे खरं, पण ८ फुटांची भिंत मध्यावर बाहेर फुगते, आणि सगळ्यात जास्त फुगते ती वरच्या कडेला, कारण खाली तिला तळाने धरलेलं असतं, वर कुणीच नाही. तेव्हा ती वरची चौकट शोभेची पट्टी समजू नकोस. ती आडवी, रुंद आणि चारही कोपऱ्यांत एकसंध हवी, आणि मध्ये दोन तरी आडव्या पट्ट्या. दुसरी गोष्ट, तळेगाव म्हणालास. स्लॅब गेला आणि वाळवी आली. तळमजला, दमट कोपरा आणि लाकूड. इतकं आयतं तिला कुठे मिळणार?

हौशी : स्टँड लोखंडी करणार, पाय कोब्यावर, आणि मरीन प्लायला कारखान्यातच औषध मुरवलेलं असतं. त्यावर आयएस ७१० चा शिक्का बघूनच घेणार.

शंकेखोर : शिक्का कशाचा असतो ते ऐक. त्या प्लायचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि थर सुटतात का बघतात. सुटले नाहीत तर पास. म्हणजे ती मुख्यतः डिंकाची परीक्षा आहे. डिंक पाण्याला भीत नाही, मान्य. पण त्या दोन डिंकांच्या मधे लाकूडच आहे, आणि लाकूड पाणी पितं. प्लायच्या सपाट तोंडाने ते हळू पितं, कापलेल्या कडेने भराभर. आता तुझी समोरची बाजू डोळ्यांसमोर आण. ८ बाय २ ची अख्खी शीट, आणि तिच्या मधोमध खिडकीसाठी जिगसॉने कापलेलं भोक. टाकीतली सगळ्यात जास्त उघडी कड तिथेच, प्रत्येक थराचं तोंड उघडं, आणि त्याच कडेवर काच टेकणार. वर रेझिन चढवताना फायबरच्या मॅटखाली एक बुडबुडा राहतो. रोलर फिरवूनही राहतो. दुसऱ्या दिवशी तो कडक होतो, घासताना त्याचं टोपण उडतं आणि सुईच्या अग्राएवढं छिद्र उरतं. उजेड तिरपा धरल्याशिवाय ते दिसत नाही. टाकी भरलीस की त्यातून पाणी जातं, थेंबसुद्धा म्हणता येणार नाही इतकं. ते बाहेर येत नाही. थराथरातून आडवं पसरतं, हातभर लांब जातं. लाकूड फुगतं, वरचं रेझिन फुगू शकत नाही, मग एखाद्या स्क्रूभोवती त्याला तारेसारखी चीर पडते. आता पाण्याला दोन वाटा झाल्या. बाहेरून तुझा सनमायका अजून कोराच दिसतोय.

हौशी : अगदी खरं, आणि म्हणूनच मी बुडबुड्याला एका थरावर सोडणार नाही. क्रम ऐका. आधी सगळ्या सांध्यांत इपॉक्सीचा गोंद आणि स्क्रू. स्क्रू फक्त गोंद सुकेपर्यंत धरायला, पुढचा भार गोंदावर. आतल्या प्रत्येक कोपऱ्यात गोलसर वाटा, तुम्ही गच्चीला मारता तसाच, फक्त सिमेंटऐवजी लाकडाचा भुसा घातलेल्या इपॉक्सीचा, कारण काटकोनात मॅट बसत नाही, मागे पोकळी राहते. मग पातळ इपॉक्सी कडांना पाजायचं, कड पिते तोवर पाजायचं. मग मॅट, मग दोन हात. काम जानेवारीत, पावसाळ्यात नाही. दमट हवेत इपॉक्सीच्या तोंडावर मेणचट थर येतो आणि तो धुतल्याशिवाय पुढचा हात धरत नाही. काच आतून बसवणार, चौकटीवर चहूबाजूंनी ३ इंच चढवून, म्हणजे पाणी स्वतःच काचेला चौकटीवर दाबून धरील. सिलिकॉन व्हिनेगरसारखा वास येणारं साधं. बाथरूमसाठी मिळतं त्यात बुरशीनाशक असतं, ते माशांना चालत नाही. आणि टाकी अंगणात भरून बघणार, आधी अर्धी, मग पूर्ण, मगच खोलीत. लाकूड आणि पाणी यांचं वैर असतं तर कोकणात होडी कशाला तरंगली असती? तिथे आज लाकडी होडीवर फायबर चढवणारे कारागीर आहेत. मी वेगळं काय करतोय? त्यांच्या होडीत पाणी बाहेर असतं, माझ्या होडीत आत.

शंकेखोर : होडीचं उदाहरण तू दिलंस हे फार बरं झालं. जूनमध्ये मासेमारी बंद झाली की त्या होडीचं काय करतात? दोरखंड लावून, पोरंटोरं जमवून तिला किनाऱ्यावर ओढतात आणि शाकारतात. ती वाळते. मग तिचं बूड खरवडतात, सांधे चाचपतात, कापूस ठोकायचा तिथे कापूस ठोकतात, रंग काढतात. दरवर्षी. लाकडी होडी टिकते ती लाकूड चांगलं म्हणून, आणि वर्षातून एकदा तिला कोरडं करून हात लावणारं कुणीतरी असतं म्हणून. तुझी टाकी किनाऱ्यावर कधी येणार? तिला कोरडं करायचं म्हणजे मासे कुठे ठेवणार, वाळू कुठे ओतणार, आणि फिल्टरमध्ये महिनाभर खपून वाढवलेले जिवाणू कुठे जगवणार? तू अशी होडी बांधतोयस जी एकदा पाण्यात ढकलली की परत ओढायची नाही.

(इथे लेखकाला मध्ये तोंड घालायचा मोह होतो. अशा वादात शंकेखोराच्या हाताशी नेहमीच चांगली उदाहरणं असतात, कारण फुटलेल्या टाकीची बातमी होते आणि पंधरा वर्षं मुकाट्याने उभ्या असलेल्या टाकीकडे कुणी ढुंकून बघत नाही. तेव्हा त्याच्या उदाहरणांतून थोडी सूट वजा करून वाचावं. शाकारणीचा मुद्दा मात्र पुरा आहे, त्यातून काही वजा होत नाही.)

हौशी : शाकारणीवर माझ्याकडे चोख उत्तर नाही, अर्धं आहे. टाकी भिंतीपासून फूटभर पुढे ठेवीन, सनमायका लावणारच नाही. बाहेरून नुसतं पारदर्शक पॉलिश, म्हणजे ओल आली की प्लाय काळा पडलेला दिसेल. तळाखाली लोखंडी स्टँडची जाळी, खालून बॅटरी मारून बघता येईल. आणि उरलेल्या अर्ध्यासाठी तुम्हाला एक विचारतो: काच तरी अमर आहे का? काचेच्या टाकीचं सिलिकॉनही म्हातारं होतं, पण कुणी दरवर्षी ती उतरवून तपासत नाही. बर्लिनच्या हॉटेलातला तो अ‍ॅक्वाडोम आठवतो? १० लाख लिटर पाणी, जाड अ‍ॅक्रिलिकचा गोल मनोरा, सगळं जाणकारांनी केलेलं, फुटायच्या दोन-तीन वर्षं आधी दुरुस्तीही झालेली. १६ डिसेंबर २०२२ ला पहाटे एका क्षणात फुटला, दीड हजार मासे गेले. का फुटला याचं नेमकं एक कारण तज्ज्ञांनाही ठामपणे सांगता आलं नाही. पहाट होती म्हणून माणसं वाचली. काच आणि अ‍ॅक्रिलिक जातात तेव्हा एकदम जातात. प्लाय आधी काळा पडतो, मग पाझरतो, मग टपकतो. मला बजावून जाणारं संकट पसंत आहे.

शंकेखोर : बजावणारं संकट. अरे, माझा सगळा धंदाच त्या बजावण्यावर चालला. वरच्या बाथरूममधून ओल येते, पहिल्या वर्षी माणूस कॅलेंडर सरकवून डाग झाकतो, दुसऱ्या वर्षी रंग मारतो, तिसऱ्या वर्षी प्लास्टर अंगावर पडतं तेव्हा मला फोन करतो. हळू येणारं संकट माणसाला सावध करत नाही, त्याची त्याला सवय होते. एकदम फुटणाऱ्या काचेची निदान भीती तरी वाटत राहते. पण हे तुझ्या स्वभावावर आहे, प्लायवर नाही, म्हणून सोडून देतो. मासे कुठले म्हणालास?

हौशी : मिस केरळ. डेनिसन बार्ब. अंगावर काळा पट्टा, त्याच्या वर तांबडी रेघ, पंचवीस-तीसची झुंड. शास्त्रीय नाव सह्याद्रिया डेनिसोनी. २०१३ मध्ये ज्यांनी त्याला हे सह्याद्रिया नाव दिलं त्यांत पुण्याचे नीलेश डहाणूकर होते. आपल्याच घाटातल्या वाहत्या पाण्याचा मासा. तीन फूट रुंदीचा हट्ट त्याच्यासाठीच तर धरलाय.

शंकेखोर : तो संकटग्रस्त यादीत आहे, आणि वन्यजीव कायद्यात २०२२ ला जी दुरुस्ती झाली तिच्यात त्याला पहिल्या परिशिष्टात घातलंय. वाघ ज्या परिशिष्टात आहे, त्याच. नदीतून उपसून उपसूनच तो या अवस्थेला आला, आणि उपसला कशासाठी, तर लोकांच्या हॉलमधल्या टाक्यांसाठी. हे तू मला सांगायला हवं होतंस.

हौशी : सांगणार होतो, नंतर. तो ठेवता येणार नाही हे मला माहीत आहे. टाकीचं माप मात्र मनात त्याच्यावरून बसलं, ते बसलं. ठेवणार फिलामेंट बार्ब आणि जायंट डॅनियो. दोन्ही पश्चिम घाटातले, दोघांनाही प्रवाह आणि लांबी आवडते, आणि दोघेही संकटात नाहीत. पण तुम्ही जे म्हणालात त्याची दुसरी बाजूही बघा. दुकानात दोन बोटांचं पिल्लू ‘शार्क’ म्हणून विकतात. तो पंगेशियस असतो, मीटरभर वाढतो. माणूस तो दोन फुटी टाकीसाठी नेतो. वर्षभराने तो आडवा मावेनासा होतो, मग पिशवीत घालून तळ्यात सोडून येतो. सकर मासा असाच आपल्या जलाशयांत शिरला आणि आता मच्छीमारांच्या जाळ्यात येऊन जाळी फाडतो. हे पाप छोट्या टाक्यांचं आहे. मोठी टाकी बांधणारा निदान मासा वाढतो हे कबूल करून बांधतो.

शंकेखोर : आज कबूल करतोयस. मोठी टाकी झाली की दुकानदार तिचं माप विचारतो, आणि तिच्या मापाचा मासा दाखवतो. आठ फुटांत दोन बोटांचे डॅनियो बघून पाहुणे म्हणतील, एवढ्या मोठ्या टाकीत एवढेसेच? त्या वाक्यापुढे किती जण टिकतात बघ. बरं, पाणी. दोन फूट उंची केल्यावर साडेतेराशे लिटर राहिलं. आठवड्याला चौथा हिस्सा बदलायचा तर ३४० लिटर. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर हे पाणीपुरवठ्याचं प्रमाण मानतात. म्हणजे दर रविवारी अडीच माणसांचं दिवसाचं पाणी तुझे मासे पिणार. एप्रिलमध्ये गावात टँकर फिरत असताना हे करशील?

हौशी : ते पाणी गटारात जात नाही, आईच्या पेरू-लिंबांना जातं. माशांच्या मलमूत्रातला अमोनिया जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि नायट्रेट म्हणजे झाडांचं खतच. आज ती नळाचं पाणी घालते, उद्या टाकीचं घालेल. गावाच्या हिशेबात फरक पडलाच तर थोडा पडेल. मासे कमी ठेवले तर बदलही कमी लागतो. आणि मोठं पाणी सोपं असतं काका, हे टाकी न ठेवलेल्या माणसाला पटत नाही. एक मासा दगडामागे मरून पडला तर ५० लिटरच्या टाकीत संध्याकाळपर्यंत बाकीचे तोंड वर काढतात. साडेतेराशे लिटरमध्ये तोच अमोनिया इतका पातळ होतो की तुम्हाला तो शोधायला वेळ मिळतो. उन्हाळ्यात ते हळू तापतं, थंडीत हळू निवतं, आणि लाकूड काचेपेक्षा ऊन-थंडी जास्त अडवतं हा प्लायचा आणखी एक गुण.

शंकेखोर : वेळ कुणाला मिळतो? तुला? तू सोमवार ते शुक्रवार पुण्यात. गुरुवारी लाइट गेली आणि सहा तास आलीच नाही, तर बंद फिल्टरमधले जिवाणू हवेवाचून मरायला लागतात. बॅटरीवरचा हवेचा पंप कोण लावणार? दगडामागचा मेलेला मासा कोण शोधणार? तिसऱ्या मजल्याचा प्रश्न सोडवलास तो जमिनीवर येऊन, पण येताना तू टाकी सोडून भलतीकडे राहायला गेलास. खिडकीच्या कडेला पाणी आलं तर कोण बघणार, वायरला थेंब खाली गळायला वळसा दिलाय का कोण बघणार, ईएलसीबीचा स्विच पडला तर कोण उचलणार? आईला विचारलंस?

हौशी : विचारलं. म्हणाली, कर, पण पाणी बदलायला मला सांगू नकोस. आणि स्टँड बुटका कर, खुर्चीत बसून दिसलं पाहिजे.

शंकेखोर : म्हणजे हौस तुझी, राखण तिची, आणि बघणारीही तीच. मग माझं ऐक. तू उंची सोडलीस, मजला सोडलास, मिस केरळ सोडलीस, सनमायका सोडलास. आणखी एकच गोष्ट सोड, काच. आपण आतापर्यंत ज्या ज्या गोष्टीला भ्यालो, कापलेली कड, सिलिकॉन, फुगणारी दर्शनी भिंत, त्या सगळ्या त्या एका खिडकीपाशी येतात. खिडकी काढ, आणि तुझ्याकडे जमिनीवरचा साधा हौद उरतो. मग प्लायही कशाला? वीट, सिमेंट, वॉटरप्रूफिंग. मी स्वतः करून देतो, माझ्यानंतरही टिकेल. बाजूने मासा बघायची माणसाला सवय तरी कधीपासून? लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ ला लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, पावणेदोनशे वर्षंही झाली नाहीत. त्याआधी शेकडो वर्षं चीन-जपानमध्ये लोक तळ्यावर वाकून वरूनच बघत होते. कोई आणि गोल्डफिश तर वरून छान दिसावेत म्हणूनच घडवले गेले.

हौशी : घडवले गेले, बरोबर. माझे मासे कुणी घडवलेले नाहीत. फिलामेंट बार्ब वरून कसा दिसतो सांगू? मातकट. ओढ्याच्या तळासारखा. खंड्याने वरून झडप घालू नये म्हणून त्याची पाठ तशी असते. त्याच्या शेपटीजवळचा काळा ठिपका, नराच्या पाठीवरच्या परातून निघालेले ते लांब तंतू, दोन नर समोरासमोर आले की ते पसरून एकमेकांना दाखवतात ते, हे सगळं कुशीवर असतं, दुसऱ्या माशाने बाजूने बघावं म्हणून असतं. वरून बघणारा त्यांच्या लेखी शत्रू. मला खंड्याच्या जागेवरून नाही बघायचं, माशाच्या बरोबरीने बघायचंय. मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय उघडलं, आणि मुंबईच्या कितीतरी पोरांनी बाजूने पोहणारा मासा पहिल्यांदा तिथे पाहिला असेल. त्याआधी मासा म्हणजे टोपलीतला, कोळणीच्या. हौदाने मासे सुखी होतील, कबूल. कदाचित जास्तच सुखी होतील. पण आई खुर्चीत बसून हौदाची भिंत बघेल.

शंकेखोर : म्हणजे शेवटी टाकी बघणाऱ्यासाठीच. सुरुवातीला माशासाठी म्हणाला होतास.

हौशी : लांबी-रुंदी माशासाठी, काच आईसाठी. आणि धोका जेवढा आहे तेवढा काचेचा आहे, हे तुम्ही आत्ताच दाखवून दिलंत. मग आता भांडण फक्त एवढंच राहिलं की खिडकी केवढी.

शंकेखोर : ते काही लहान भांडण नाही. तू केवढी धरली आहेस?

हौशी : सहा फूट लांब, एकसंध.

शंकेखोर : तीन-तीन फुटांच्या दोन कर. मधे प्लायची सहा इंच उभी पट्टी राहू दे. भिंत मध्यावर फुगते ती तिथेच धरली जाईल, आणि काचही पातळ चालेल.

हौशी : पट्टी मधे आली की झुंड तिच्यामागे गेली आणि तुटली. सहा फूट सलग पळताना बघायचं, यासाठीच तर सगळा खटाटोप.

शंकेखोर : मासे पट्टीमागे गेले तरी पळतच असतात.

हौशी : आईला दिसणार नाहीत ना ते.

शंकेखोर : मग सलग काच घे, पण पाणी १८ इंचांच्या वर नाही. आणि खिडकीखाली पाच इंच प्लाय अखंड.

हौशी : वीस इंच पाणी, चार इंच प्लाय.

शंकेखोर : अठरा. आणि दर दोन वर्षांनी, एप्रिलात नव्हे, डिसेंबरात, ती रिकामी होणार. मासे तेवढे दिवस कुठे ठेवशील ते आधी सांग, मग सुताराला बोलाव.

हौशी : ते... अंगणात.

शंकेखोर : अंगणात कशात?